कॅम्बेल बेहून डायरेक्ट आठवीत

स्मरणिकेसाठी लिहून पाठव असा निरोप आला तेव्हा पहिलं मनात आलं की गॅदरिंग, पीटीच्या सरांची शिट्टी आणि मधल्या सुट्टीतली भेळ यावर बाकीचे लिहितीलच, ते त्यांनाच लिहू दे. मी १९७६ ला एकदम आठवीत आले, त्यामुळे तुमच्या पाचवी-सहावीच्या गमतींमध्ये मी नाहीच. मी तेव्हा अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावर होते, तिथल्या कॅम्बेल बे गावच्या शाळेत, आणि तेही हिंदीतून.

वर्गात सगळ्यांना अंदमान म्हटलं की सावरकर आणि सेल्युलर जेल एवढंच माहिती. जेल पोर्ट ब्लेअरला. आमचं बेट त्याच्या खाली अजून पाचशेच्या वर किलोमीटर, तिथून मद्रासपेक्षा सुमात्रा कितीतरी जवळ.

आम्ही तिथे गेलोच का, तर दुष्काळ. आप्पा फौजेतून रिटायर होऊन पुरंदरला गावी आले आणि १९७२ आलं. विहिरीला पाणी नाही, जमीन चार भावांत वाटलेली, आई खडी फोडायच्या कामावर जायची. सरकार १९६९ पासून माजी सैनिकांना ग्रेट निकोबारला वसवत होतं, आधी बरेचसे पंजाबी, मग आपल्याकडचे, केरळचे, तमिळ, अशी सगळी मिळून तीनशेच्या वर कुटुंबं. आप्पा म्हणाले तिकडे जमीन मिळते आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आईने जमिनीचं ऐकलंच नसावं, पावसाचं ऐकलं आणि बोचकी बांधली.

पुण्याहून रेल्वेने मद्रास, मग बोटीने पोर्ट ब्लेअर, मग तिथे पुढच्या बोटीची वाट बघत बसा. लिटल अंदमान आणि कार निकोबारच्या मधे टेन डिग्री चॅनल लागतो, साधारण दीडशे किलोमीटरचं उघडं पाणी, तिथे बोट अशी काही हलते की पंजाबी सरदारजीसुद्धा आडवे, आणि आई एका हाताने धाकट्याला आणि एका हाताने पाटा-वरवंट्याचं पोतं धरून बसलेली. पाटा-वरवंटा! आप्पा मद्रासपासून त्यावरून कुरकुरत होते, पण बेटावर गेल्यावर आजूबाजूच्या बायका वाटण करायला आमच्याकडेच यायच्या.

कागदावर ‘सेटलर’ आप्पा. जमीन त्यांच्या नावावर, मीटिंगला ते, सहीला ते. पण खरं बेट वसवलं ते बायकांनी, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. जंगल तोडलेलं पण बुंधे तसेच, एकेक बुंधा आमच्या स्वयंपाकघराएवढा, त्यांच्या मधून वाट काढत नारळाची रोपं लावायची, आणि नारळ धरायला सहा-सात वर्षं, तोवर काय खायचं? तर रेशन, केळी, थोडा भात. माकडं आणि डुकरं आपापला हिस्सा आधी घेऊन जायची. पाऊस मे मध्ये सुरू झाला की डिसेंबरपर्यंत कपडे म्हणून वाळत नाहीत. आई काडेपेटी तांदळाच्या डब्यात आत खोल खुपसून ठेवायची, कारण बाहेर राहिली की गूल सादळून नुसता पचपचायचा. ज्वारी-बाजरी नाहीच, मग तांदळाची भाकरी. आई देशावरची, तिला उकड काढायची सवय नाही, सुरुवातीला तव्यावर नुसते तुकडे व्हायचे आणि आम्ही ते तुकडेच कालवणात बुडवून खायचो. पोर्ट ब्लेअरहून बोट आली की मीठ, रॉकेल आणि पत्रं यायची, पत्रं तर एकदम चार-पाच, म्हणजे आत्याचं बाळ आधी आणि लग्न नंतर.

सातवी झाली तशी आईने हट्ट धरला, पोरगी पुण्याला मराठी शाळेतच जाणार. आप्पा म्हणाले इथे शाळा आहे की. आई चौथी शिकलेली, पण ती ऐकेना, आणि मी पर्वती पायथ्याला मामाकडे येऊन पडले.

पुण्यात पहिले काही दिवस माझा गोंधळ उडायचा तो उजेडाचा. बेटावर साडेपाचला अंधार पडायला लागतो, इथे सात वाजले तरी पोरं लंगडी खेळतायत, आणि मी साडेसातला झोपेने पेंगतेय. मामीला वाटलं मला हिवताप झाला. भूगोलाच्या बाईंना कुणीतरी हे चिडवायच्या सुरात सांगितलं, तर बाईंनी फळ्यावर गणितच मांडलं. पुणे साधारण ७४ अंश पूर्व, कॅम्बेल बे साधारण ९४, फरक वीस अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं. घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य मात्र हिच्याकडे सव्वा तासाहून जास्त आधी. मग मला म्हणाल्या, ‘तू झोपाळू नाहीस गं, तू पूर्वेकडची आहेस.’ मला भूगोल आवडायला लागला तो त्या तासापासून. भारताचं दक्षिण टोक कन्याकुमारी नाही तर आमच्या बेटावरचा पिग्मॅलियन पॉइंट, हे मी लगेच सगळ्यांना ऐकवून घेतलं, थोडा आगाऊपणाच. पुढे १९८४ ला इंदिरा गांधी तिथे येऊन गेल्या आणि नंतर त्याला इंदिरा पॉइंट नाव पडलं.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या वर खचली, दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला, किनाऱ्यावरच्या वस्त्या धुऊन निघाल्या. आप्पा त्याआधीच गेले होते. आई आणि भाऊ सकाळच्या भूकंपाच्या धक्क्यानंतर वर टेकडीकडे पळाले म्हणून वाचले, घर आणि माड गेले. मी आईला पुण्यात आणलं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट वगैरे सगळं. ती कुंडीत मिरच्या लावायची आणि वैतागायची. भावाला पत्र्याचं शेल्टर मिळाल्याचं कळलं तशी बॅग भरली, म्हणाली रोपं लावायला हवीत, तो एकटा कसा करेल. तेव्हा ती पासष्टीच्या आसपास होती.

आता तिकडे गॅलेथिया बेला मोठं बंदर, गांधीनगर-शास्त्रीनगरच्या बाजूला विमानतळ असं सगळं येऊ घातलंय, त्यासाठी जंगल किती जाणार, तिथल्या जंगलात राहणाऱ्या शोंपेन आदिवासींचं काय, त्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांचं काय, यावर पेपरात बरंच येतं आणि मला स्वतःला ते बंदर नकोच वाटतं. भावाचं मत वेगळं आहे, त्याला हॉस्पिटल आणि नोकऱ्या दिसतात, आमचं फोनवर दर वेळी वाजतं. आईला विचारलं तर ती म्हणते, आधी माडांचे पैसे कुणाच्या नावाने देणार ते विचार.