'नॉट गिव्हन'ने अडवलेले बँड

इथे कॅनडात दिवसभर इंग्रजीतच काम चालतं. ऑफिसचे मेल, घरभाड्याचा करार, बँकेची पत्रं, सगळं नीट वाचूनच आम्ही सह्या करतो. तरी पीआरसाठी, म्हणजे कायमस्वरूपी राहण्याच्या परवान्यासाठी, पुन्हा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची, कारण निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो. इंग्रजीत राहणाऱ्याचं इंग्रजी दोन वर्षांत आटत नाही. ही अट मला मुळीच पटत नाही.

बऱ्याच जणांचे बाकीचे भाग निभतात. त्यांचे बँड, म्हणजे या परीक्षेतले गुण, अडतात ते रीडिंगमध्ये, आणि तिथेही ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनच्या प्रश्नांत. विधान उताऱ्याशी जुळतं, त्याच्या विरुद्ध आहे, की त्याबद्दल उताऱ्यात काही दिलेलंच नाही, हे तिथे ठरवायचं. समजा, उताऱ्यात लिहिलंय की शहरातल्या पोळ्यांत गावाकडच्या पोळ्यांपेक्षा जास्त मध सापडला. खाली विधान आहे, शहरात मध कमी मिळाला. हे फॉल्स, इथे कोणी चुकत नाही. पुढचं विधान, शहरातल्या मधमाश्या जास्त निरोगी असतात. हात लगेच ट्रूकडे जातो. मध जास्त म्हणजे माश्या धडधाकट, हे उघडच वाटतं ना! पण उताऱ्यात तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. उत्तर नॉट गिव्हन.

यात इंग्रजी कच्चं असण्याचा काय संबंध? उलट ज्याचं वाचन दांडगं, त्यालाच दोन ओळींमधलं आपोआप दिसतं. आपण वाचताना मागचं-पुढचं जोडत जातो, शाळेपासून त्याचंच कौतुक झालेलं असतं. मात्र करार वाचायची वेळ आली की या प्रश्नांमागचा विचार पटतो. तिथे जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरलं, तर भुर्दंड आपल्यालाच. परीक्षा घेणाऱ्यांनी हे फार हुशारीने हेरलंय, हे मानावंच लागेल.

आयईएलटीएसचे दोन प्रकार, जनरल ट्रेनिंग आणि शिक्षणासाठीची अ‍ॅकॅडमिक; पीआरवाल्यांची परीक्षा जनरल ट्रेनिंगची. उतारे सोपे असतात म्हणून गाफील राहू नका. तिथे रीडिंगच्या 40 प्रश्नांपैकी साधारण 34 बरोबर आले तर सात बँड मिळतात, अ‍ॅकॅडमिकमध्ये 30च्या आसपास पुरतात. वेळ 60 मिनिटं. पेपरवर देणार असाल तर उत्तरं त्याच वेळात उत्तरपत्रिकेवर उतरवायची. लिसनिंगसारखी जादा दहा मिनिटं इथे नाहीत. ट्रू-फॉल्सचे प्रश्न उताऱ्याच्याच क्रमाने येतात. त्यामुळे दुसऱ्याचं आणि चौथ्याचं उत्तर सापडलं असेल, तर तिसऱ्याचं त्या दोन जागांच्या मधेच शोधायचं. तिथे काहीच नसेल तर बेधडक नॉट गिव्हन लिहा आणि पुढे चला. चुकलं तरी गुण कापत नाहीत.