स्लॅब पडायच्या आधी होऊन जाऊ द्या भांडण

सिंगापूरचा एक नियम आपल्याकडच्या बिल्डरला घाम फोडेल. ५,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी नवी इमारत असेल, तर २०१५ पासून आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि एमईपी (एसी, वीज, प्लंबिंग) या तिन्हींची बीआयएम मॉडेल, म्हणजे भिंत-पाइपच्या माहितीसकट इमारतीची संगणकावरची थ्रीडी प्रतिकृती, मंजुरीसाठी द्यावी लागतात. वरवर पाहिलं तर हे कागदी घोडेच, फक्त थ्रीडी.

पण क्लॅश तपासणी, म्हणजे बीम आणि पाइप एकाच जागेवर हक्क सांगतात का हे मॉडेलमध्येच शोधणं, पाहिली की मत बदलतं. आपल्याकडे स्लॅब पडतो, सेंट्रिंग निघतं आणि मग प्लंबर विचारतो, "साहेब, लाइन कुठून काढू?" पुढे कोअर कटिंग (मशीननं काँक्रीटला गोल भोक), नाहीतर थेट ब्रेकर. किल्लारीचा भूकंप सोसलेल्या भागात तरी बीमची सळई इतक्या सहज कापली जाऊ नये.

इथे सिंगापुरात हे भांडण स्क्रीनवर होतं. तिन्ही मॉडेल नेव्हिसवर्क्स किंवा सोलिब्री या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र आणतात. सगळ्यांत आधी ओरिजिन (मोजमापाचा शून्य बिंदू) आणि युनिट जुळतात का ते बघायचं, नाहीतर इमारत एकीकडे आणि ड्रेनेज भलतीकडेच. पहिली टेस्ट स्ट्रक्चर विरुद्ध पाइप. टॉलरन्स, म्हणजे किती घुसखोरी माफ करायची ते, १० मिमीपासून सुरू करावा; शून्यावर ठेवला तर फुटकळ क्लॅशचा ढीग पडतो आणि खरा क्लॅश त्यातच दडून बसतो.

मग हटायचं कोणी? ड्रेनेज लाइन जागची हलत नाही. १:६० ढाळानं ६ मीटर गेली की ती १०० मिमी खाली येते, तिला मध्येच वर उचलणार कशी? तिच्यानंतर मान एसीची हवा नेणाऱ्या डक्टचा, मग प्रेशरचे पाइप. केबल ट्रे बिचारा शेवटी, तो कसाही वळतो. बीममधून जायचंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची मंजुरी आधी, आणि काँक्रीटपूर्वीच सेंट्रिंगमध्ये स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी वाट राखणारी नळी.

फसगत होते ती इन्सुलेशनमध्ये. १५० मिमीच्या चिल्ड वॉटर (एसीचं थंड पाणी) पाइपचा बाहेरचा व्यास १६८ मिमी. त्यावर चहूबाजूंनी ५० मिमी इन्सुलेशन चढलं की झाला २६८. मॉडेलमध्ये नुसता पाइप काढला तर रिपोर्ट एकदम स्वच्छ येतो आणि साइटवर फॉल्स सीलिंग खाली उतरवावं लागतं! आयएफसी फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणारं मॉडेल) काढतानाही जपावं: भिंत नुसता आकार म्हणून गेली तर दिसते बरोबर, पण क्वांटिटीत, म्हणजे मालाच्या मोजणीत, धरली जात नाही.

आपला मिस्त्री हे सगळं डोक्यात ठेवतो, असं कोणी म्हणेल. ठेवतोच, आणि दुमजली घराला मॉडेल म्हणजे निव्वळ हौस. परदेशातली कितीतरी मॉडेल पुण्यात बसलेली आपलीच पोरं बनवतात, तेव्हा अकलेचा प्रश्न नाही. फक्त मिस्त्रीच्या डोक्यातलं एसीवाल्याला दिसत नाही. इथली कटकट सहन होते ती त्यामुळेच.

लातूर-नांदेडला हॉस्पिटल बांधणाऱ्यांनी सगळंच मॉडेल करायच्या फंदात पडू नये. स्ट्रक्चर, ड्रेनेज आणि डक्ट, तेही ओटी आणि टॉयलेट ब्लॉकपुरते, एवढं पुरे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालणारं बोन्साय हे बीआयएमचं साधन फुकट मिळतं. आणि ठेक्याच्या अटींत एक ओळ घाला: स्लीव्ह ड्रॉइंगवर स्ट्रक्चर, प्लंबिंग आणि एसी अशा तिघांच्या सह्या झाल्याशिवाय स्लॅब भरायचा नाही.