टाळ वाजत राहिले तर

ज्येष्ठ संपत आला की जेवणानंतरच्या डुलकीच्या वेळी मोबाइलवर एक फॉरवर्ड हटकून येतो. 'वारीतून शिका नेतृत्व.' लाखो माणसं, कुणाला आमंत्रण नाही, कुणी बॉस नाही, तरी सगळं कसं शिस्तीत! खाली हात जोडलेले तीन इमोजी. आपण मान डोलावतो आणि पुढे ढकलतो.

आता, बॉस नाही हे काही खरं नाही. माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यात मालक आहेत, हैबतबाबा आरफळकरांच्या घराण्यातले. आळंदी संस्थानचे विश्वस्त आहेत. अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. शिवाय हातात चांदीचा दंड घेतलेले चोपदार, कर्णा फुंकणारे कर्णेकरी, आणि प्रत्येक दिंडीचा आपापला प्रमुख. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरचे सरदार. एकोणिसाव्या शतकात त्यांनी सोहळ्याला आजचं रूप दिलं, त्यामुळे मुक्कामाला 'तळ' म्हणतात, पुढे जरीपटका चालतो आणि निघायचा इशारा कर्ण्यावर होतो. फौजेची घडी आहे ती, फक्त हत्यारांच्या जागी टाळ आले. मौज अशी, की यातल्या एकाच्याही हातात सगळा कारभार नाही. चोपदार दिंडीला थांबवू शकतो, पण आज पिठलं की आमटी हे सांगू शकत नाही. दिंडीप्रमुख जेवणाचं ठरवतो, पण दिंडीचा क्रमांक बदलू शकत नाही. पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, आणि ज्याचा जो क्रमांक तो पिढ्यान् पिढ्या तोच.

दिंडीच्या आतही तसंच. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाज, मग विणेकरी, मागे तुळस नि हंडा घेतलेल्या बाया. वीणा दिंडीत एकच. ती जमिनीला टेकवायची नाही. विणेकरी दमला तर दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. अधिकार सोडणारा आणि घेणारा, दोघंही वाकतात. हे नेतृत्वाच्या व्याख्यानातल्या स्लाइडवर कधी पाहिलेलं नाही.

चालताना खरी कसोटी अंतराची. पुढची दिंडी एखादा अभंग रंगला म्हणून जरा रेंगाळली, की मागच्यांना पाचदहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि मग पडलेली फट भरायला शेवटची रांग पळत सुटते. पळतात कोण, तर डोक्यावर तुळस घेतलेल्या साठीच्या आजीबाई. म्हणून जाणता दिंडीवाला पायाची गती टाळावर ठेवतो, उत्साहावर नाही. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवेघाट. तिथे रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि सकाळी हडपसरपर्यंत उड्या मारलेल्यांचं घाटात काय होतं ते घाटच सांगतो. बऱ्याचदा त्याच दिवशी एकादशी असते, म्हणजे पोटात साबुदाणा.

त्याच वेळी दिंडीचा ट्रक आणि टँकर पुढे निघून गेलेले असतात. चालणारे पोचायच्या आत राहुट्या उभ्या राहिल्या पाहिजेत, चुली पेटल्या पाहिजेत. ट्रक वाहतुकीत अडकला तर दोनशे माणसं भिजत उभी. पावसाळी तळावर राहुटीभोवती वीतभर खोल चर खणायचा, नाहीतर रात्री पाणी अंथरुणात. मेखा ओल्या मातीत धरत नाहीत, त्या तिरक्या ठोकाव्या लागतात. हे करणारी मंडळी दिवसभरात एक अभंगही म्हणत नाहीत. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे भरलेल्या वारकऱ्याला त्यांची नावंही ठाऊक नसतात, जेवण उशिरा झालं की मात्र लगेच आठवतात.

पण मला सांगायचंय ते संध्याकाळच्या समाज आरतीचं. तळावर दिंड्या आपापल्या जागी गोल करून उभ्या असतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चांदीचा चोप, म्हणजे तो दंड, उंच धरतो आणि लांबलचक 'होऽऽऽ' देतो. क्षणात सगळं गप्प. याचेच व्हिडिओ फिरतात.

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट अशी, की कधीकधी सगळं गप्प होत नाही. कुठल्यातरी कोपऱ्यात एका दिंडीचे टाळ खणखणतच राहतात. नवख्याला वाटतं, यांना ऐकू गेलं नाही. अहो, चांगलं गेलंय! त्या दिंडीची तक्रार आहे. टँकर आला नाही, ठरलेल्या जागेवर दुसऱ्यानं राहुट्या ठोकल्या, वाटेत कुणी क्रमांक मोडून मध्ये घुसलं. चोपदार तिथे चालत जातो, म्हणणं ऐकून घेतो, ते वरपर्यंत पोचवतो. निवाडा किंवा निदान भरवसा मिळाला की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती. तोवर मालक, विश्वस्त आणि अख्खा तळ उभा. पन्नास माणसांची दिंडी एवढ्या लोकांना थांबवून धरते, आणि त्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही. तीच तर रीत आहे.

नेतृत्वाच्या व्याख्यानात ती शांतता घेतात, टाळ गाळतात. साहजिक आहे. 'एका इशाऱ्यावर सगळे गप्प' हे कुठल्याही साहेबाला ऐकायला गोड. सभेत नाराज माणसानं सगळ्यांसमोर टाळ वाजवावा आणि साहेबानं खुर्ची सोडून त्याच्यापर्यंत चालत जावं, हे कोण कंपनीच्या खर्चानं शिकवणार? तिथे तक्रारी चहाच्या मशिनपाशीच बऱ्या.

परतवारीचंही तेच. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालखी उलट निघते. जाताना लागलेल्या दिवसांहून कमी दिवसांत तेवढीच वाट, म्हणजे रोजची चाल जास्त, आणि सोबतीला मूठभर माणसं. कॅमेरे नाहीत, केळी-बिस्किटं वाटणारे नाहीत, पाऊस मात्र भरपूर. राहुट्या तशाच ठोकायच्या, चर तसेच खणायचे, चोपदाराचं काम तसंच. त्यावर स्लाइड नाही. ती व्हायची तरी कधी, तोवर गणपती तोंडावर आलेले असतात आणि 'ढोल-ताशा पथकातून टीमवर्क' फिरायला लागलेलं असतं.