आईची पिशवी आणि बॅटरी प्लेसचं संग्रहालय

न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूअर्कपर्यंत एनजे ट्रान्झिटची गाडी, तिथून पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटर. पाथमध्ये जागा मिळाली आणि माझं लक्ष आईच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेलं. कोल्हापूरच्या कुठल्याशा लग्नात मिळालेली कापडी पिशवी. वर 'शुभविवाह', मधोमध लालभडक स्वस्तिक. आणि आम्ही निघालो होतो न्यूयॉर्कच्या बॅटरी प्लेसवरच्या ज्यू हेरिटेज संग्रहालयात, होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या एका आजींना ऐकायला.

"आई, पिशवी उलटी कर."

"का म्हणून?"

नाझी पक्षाने १९२० साली घेतलेलं चिन्ह बहुधा तिरकं, आपलं सरळ, त्यात चार ठिपके, हे सगळं मला पाठ आहे. पण नव्वदीच्या बाईंना ठिपके मोजायला लावायचे का? आई म्हणाली, "चोरलं त्यांनी, आणि लपवायचं मी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तिने डबा, स्वेटर, पाण्याची बाटली सगळं माझ्या मांडीवर ओतलं आणि पिशवी उलटी केली. तेव्हा जाणाऱ्यांना पहिली सूचना हीच: लॉकेट, कीचेन, मोबाइलचं कव्हर, पिशव्या घरून निघतानाच बघून घ्या. गाडीत वाद घालायला वेळ पुरत नाही.

वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. ज्येष्ठांना तेवढं झेपत नसेल तर ४ किंवा ५ नंबरच्या सबवेने बोलिंग ग्रीनला उतरा. एप्रिलअखेर असली तरी हडसन नदीचा वारा कानात शिरतो, स्कार्फ हवाच. इमारत १९९७ साली खुली झाली. षटकोनी, वर सहा टप्प्यांचं छप्पर. सहा कोन दावीदच्या ताऱ्याचे, म्हणजे ज्यूंच्या धर्मचिन्हाचे, आणि सहाचा आकडा मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंची आठवण. दारात विमानतळासारखी तपासणी होते, त्यामुळे अर्धा तास आधी पोचा. शनिवारी आणि ज्यू सणांना संग्रहालय बंद. कार्यक्रमाची नोंदणी प्रदर्शनाच्या तिकिटापेक्षा वेगळी असते, दोन्ही ऑनलाइन करून ठेवा. डबा आत उघडू नका, कोशरचे, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याचे, नियम पाळणारी जागा आहे. आम्ही थालीपीठं नदीकाठच्या बाकावरच संपवली.

आजी लहानपणी हॉलंडमध्ये एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपून राहिल्या होत्या. मला वाटलं होतं छळछावण्यांचं बोलतील. त्या बोलल्या खोकल्याबद्दल. दिवसा खोकायचं नाही, आलाच तर उशीत तोंड खुपसायचं. अजूनही खोकला आला की आधी इकडेतिकडे बघते, असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. सभागृहाला हसावं की नाही कळेना. शेजारी आईने पदर तोंडावर धरला होता.

नंतर प्रश्नोत्तरं. आपल्याकडच्यांना एक हात जोडून विनंती, 'प्रश्न नाही, पण थोडं सांगायचंय' अशी सुरुवात इथे नको. बाई थकलेल्या असतात. एक वाक्य, एक प्रश्न, आणि खाली बसा. भारत-पाकिस्तान मध्ये आणू नका. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांनी आणलंच.

मुलं बरोबर असतील तर डेन्मार्कवरचं प्रदर्शन आधी दाखवा, ते नऊ वर्षांवरच्यांसाठीच मांडलंय. १९४३ च्या शरदात डॅनिश लोकांनी सात हजारांवर ज्यूंना मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचवलं, त्याची गोष्ट. बाकीची दालनं याहून जड आहेत. लहानांना घेऊन तिथे तासभर पुरे, मोठ्यांनी तीन तास तरी ठेवावेत.

बाहेर पडताना आईने एका स्वयंसेविकेला गाठलं. "आमच्या कोल्हापुराजवळ वळिवड्याला पोलंडची माणसं राहायची." मी भाषांतर करत होतो. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, हे खरं आहे. पण त्यातले बहुतेक सोव्हिएतांनी हद्दपार केलेले कॅथलिक होते, तेही मी घाईघाईने जोडलं. आईला माझी ही दुरुस्ती अजिबात आवडली नाही. स्वयंसेविकेने मात्र गावाचं नाव तीनदा म्हणून घेतलं आणि वहीत लिहिलं.

संग्रहालयातली शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दीची दगडांची बाग चुकवू नका, २००३ ची आहे. अठरा मोठे दगड कोरून पोकळ केलेत, त्यांत माती भरून ओकची रोपं लावलीत. काही रोपं वाचलेल्यांनी स्वतः लावली. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि 'जीवन' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज अठरा येते. आई वाकून एका भोकात बघत राहिली. भिंतीतला पिंपळ तिने आयुष्यभर उपटलाय. इथे मुद्दाम तसं लावलेलं बघून तिला पहिला प्रश्न पडला तो पाण्याचा. "मुळं दगडाला लागली की मग?" समोर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा होता, तिकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

परतताना न्यूअर्कला फलाटावर ती थांबली. सामान परत माझ्या हातात दिलं, पिशवी सुलटी केली, चिन्हावरची सुरकुती हाताने सारखी केली आणि म्हणाली, "चल. इथून पुढे आपलं घर."