लिमासावाला जाताय? आधी विचारा, कुठल्या किनाऱ्याला

बोटीत पाय ठेवण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाडं ठरवताना 'पाक्याव' हा शब्द कानावर आला तर मान डोलवू नका. आणि बेटावर कुठल्या गावी जायचं विचारलं तर 'मगाल्यानेस' म्हणू नका, 'त्रियाना' म्हणा. या दोन्ही चुका मी एकाच सकाळी पंधरा मिनिटांत केल्या. त्यात १५०० पेसो गेले आणि भर उन्हात बेट ओलांडावं लागलं.

लिमासावा हे फिलिपिन्समधल्या लेते बेटाच्या दक्षिणेचं चिमुकलं बेट. मार्च १५२१ मध्ये मॅगेलनची तीन जहाजं इथे आठवडाभर थांबली. ३१ मार्चला, ईस्टरच्या रविवारी, किनाऱ्यावर या देशातला पहिला मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाविधी, झाला आणि दुपारी डोंगरावर क्रूस रोवला गेला. हे आपल्याला कळतं ते जहाजावरच्या माणसांनी लिहून ठेवलं म्हणून. पिगाफेत्ता हा हौसेने आलेला इटालियन सगळं तिखटमीठ लावून लिहितो. आल्बोची नोंदवही कोरडी, दिशा आणि अक्षांश एवढंच. तिसरा जेनोवाचा एक नाखवा, त्याचं नावही माहीत नाही.

हे तिघे घेऊन प्रवास करायचा असं मी ठरवलं होतं. मूळ मजकूर ज्या जागेबद्दल आहे तिथे उभं राहून तो वाचायचा. पिगाफेत्ताचं इंग्रजी भाषांतर ब्लेअर आणि रॉबर्टसन यांच्या ५५ खंडांत आहे (१९०३ ते १९०९), बाकी दोघांचं लॉर्ड स्टॅन्लीच्या १८७४ च्या पुस्तकात, आणि हे सगळं नेटवर फुकट मिळतं. पण घरून निघतानाच उतरवून घ्या, बेटावर रेंजचा भरवसा नाही. मी फोनवर तर घेतलेच, शिवाय हव्या त्या पानांची झेरॉक्स काढली. झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालायची राहिली. ते पुढे येईलच.

सुरुवात मनिलात. राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय, प्रवेश फुकट. बाकी दालनं सवडीने बघा, आधी लागुनाच्या ताम्रपटाकडे जा. १९८९ मध्ये लागुना प्रांतातल्या लुंबान गावाजवळ नदीतून वाळू उपसताना सापडलेला तांब्याचा पत्रा. दहा ओळी, जावाकडची जुनी कावी लिपी, भाषा मुख्यतः जुनी मलय. काचेवर दिव्यांची तिरीप पडते, म्हणून डावीकडून वाकून बघावं लागतं. मला कावी येत नाही, पण पहिल्या ओळीचं लिप्यंतर वहीत देवनागरीत उतरवून नेलं होतं: स्वस्ति शक वर्षातीत ८२२ वैशाख मास दिं ज्योतिष चतुर्थी कृष्णपक्ष सो... ओळ इथे संपते. 'मवार' दुसऱ्या ओळीवर गेलंय. शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००. मनिलाच्या संग्रहालयात उभं राहून, लिप्यंतराखेरीज कोणाचीही मदत न घेता, मी तिथली सर्वात जुनी लिखित तारीख दाते पंचांगासारखी वाचली. अंगावर काटा आला. शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुली माझ्याकडे बघून हसत होत्या, हसू देत.

आणि मजकूर काय? नामवारन नावाच्या माणसावर १ काटी ८ सुवर्ण एवढं सोन्याचं देणं होतं, ते माफ झालं. त्याची मुलगी अंगकातन आणि तिचा भाऊ बुका यांना मिळालेली ही पावती. थोडक्यात, फिलिपिन्सच्या लिखित इतिहासाची सुरुवात कर्जमाफीने होते. सातबारा कोरा! आपल्याला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. ज्या डच माणसाने हा पत्रा वाचला, त्या आंतून पोस्तमाने आयुष्य मिंदोरो बेटावरच्या मांग्यान लोकांत काढलं. आपल्याकडून कोणी गेलं असतं तर पहिली ओळ तरी चहा पिता पिता लागली असती, असं मला तिथे वाटलं. ही माझी त्या दिवशीची नशा समजा.

जुन्या स्पॅनिश कागदपत्रांच्या वाटेला हौशी माणसाने जाऊ नये हे माझं स्पष्ट मत. एका दफ्तरात माझ्याकडे शिफारसपत्र नाही म्हणून मला परत पाठवलं. त्यात त्यांची चूक नाही, पण आदल्या आठवड्यात फोनवर "या की" म्हणाले होते. पत्र असतं तरी उपयोग शून्य. सोळाव्या-सतराव्या शतकातलं स्पॅनिश हस्ताक्षर लेखणी न उचलता साखळीसारखं ओढत नेतात. ज्यांनी मोडीचा वर्ग केलाय त्यांना कल्पना येईल. मी केलाय, तरीही एका नमुन्यात मला फक्त आकडे लागले.

मनिला ते ताक्लोबान विमान, तिथून व्हॅनने दक्षिणेला, मग पाद्रे बुर्गोस, लिमासावाच्या बोटी सुटतात ते गाव. यात सांगण्यासारखं काही नाही. पाद्रे बुर्गोसला समुद्रात डुबक्या मारायला जगभरचे लोक येतात. माझा नवरा दोन दिवस पाण्याखाली होता आणि खूश होता, त्याबद्दल त्यालाच विचारा.

आता ती सकाळ. धक्क्यावर पोहोचले तेव्हा प्रवासी बोट सुटायला वेळ होता. एक जण पुढे आला, "माम, लिमासावा? पाक्याव?" मला वाटलं हे बोटीचं नाव असावं. मी हो म्हटलं. पाक्याव म्हणजे अख्खी बोट आपल्या एकटीची, हे बोट सुटल्यावर कळलं. १५०० पेसो. त्याच धक्क्यावर बायका भाजीच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीने शंभराची नोट देऊन सुटे परत घेतलेले मी डोळ्यांनी पाहिलं. नुसतं "पिला आंग प्लेते?" विचारा, म्हणजे भाडं किती, आणि शेजारचा किती देतो ते बघा. मी बोटवाल्याला फसवा म्हणणार नाही, त्याने शब्द स्पष्ट उच्चारला होता. मान मीच हलवली.

"कुठे उतरायचं?" विचारल्यावर मी ऐटीत "मगाल्यानेस" म्हटलं. मॅगेलनच्या नावाचं गाव, १९६० च्या कायद्याने राष्ट्रीय स्मारक ठरलेलं, नकाशावरची खूणही तिथलीच. तो काही बोलला नाही, फक्त आकाशाकडे बघितलं. कारण लवकरच समजलं. मार्चची सुरुवात, अमिहान म्हणजे ईशान्येचा वारा अजून जोर धरून होता, आणि मगाल्यानेस बेटाच्या पूर्व अंगाला आहे. बेटाचं टोक वळताच लाटा आडव्या आल्या. बांबूचे बाहू असलेली ती होडी उलटत नाही, पण आतल्या माणसाला धुऊन काढते. पाच मिनिटांत मी चिंब, झेरॉक्सही चिंब. आल्बोच्या पानाचा लगदा झाला. २५ मार्च १५२१ ला पिगाफेत्ता मासे धरायला गेला आणि ओल्या लाकडावरून घसरून समुद्रात पडला. कोणी पाहिलं नाही, शिडाचा दोर हाताला लागला म्हणून वाचला. हे पान मला त्या होडीत आठवायला नको होतं.

मगाल्यानेसला डोंगरावर क्रूस आहे. चारशेहून जास्त पायऱ्या. सिंहगड चढणाऱ्याला किरकोळ, पण सावली नाही, सकाळी नऊच्या आत चढा. वर बसून मी फोनवर अक्षांश काढला: ९ अंश ५५ मिनिटांच्या आसपास. पिगाफेत्ता देतो ९ अंश ४०. आल्बो ९ अंश २०. जेनोवाचा नाखवा सरळ ९. मी हबकलेच. कारण मिंदानाओवरचं बुतुआन शहर नऊ अंशांच्या किंचित खाली आहे, आणि पहिला मिस्सा बुतुआनला झाला असं मानणारा मोठा पक्ष आहे. जेनोवावाला त्यांचा साक्षीदार, पिगाफेत्ता आपला, आल्बोचा आकडा मध्येच आणि जरा त्यांच्याकडे झुकलेला. आकड्यांवर भांडण मिटत नाही, हे तिथे बसून पटलं.

मजकुराने मात्र मिटतं. पिगाफेत्ता स्पष्ट लिहितो की इथे दोन राजे भेटले, कोलांबू आणि सियाऊ. सियाऊचा मुलुख बुतुआन, ते त्याच्या लेखी वेगळं बेट. एकमेकांना भेटायचं असलं की हे दोघे शिकारीच्या निमित्ताने या बेटावर येत. म्हणजे बुतुआनचा राजा इथे पाहुणा होता. तुमच्या घरी पाहुणा आला म्हणून तुमचं घर पाहुण्याचं गाव होत नाही! सोळाव्या शतकात इटलीत छापलेल्या संक्षिप्त आवृत्तीत ही नावं घोटाळली आणि पुढच्यांनी तीच उचलली. पिगाफेत्ताचं मूळ हस्तलिखित आज नाही, उरल्यात चार प्रती, एक इटालियन आणि तीन फ्रेंच.

आल्बो म्हणतो की या डोंगरावरून लोकांनी नैर्ऋत्य-पश्चिमेला तीन बेटं दाखवली, तिथे हरभऱ्याएवढे आणि मसुराएवढे सोन्याचे खडे मिळतात म्हणाले. मी बराच वेळ बघितलं. दोन दिसली, त्यातलं एक ढग असू शकेल.

खाली आल्यावर थंड पेय विकणाऱ्या मावशींनी सहज विचारलं, "त्रियानाला जाऊन आलात ना? मिस्सा तिकडे झाला." म्हणजे? म्हणजे असं की २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय इतिहास आयोगाने लिमासावाच कायम केलं, पण जागा ठरवली पश्चिम किनाऱ्यावरची, त्रियाना गावाकडची. मी नेलेल्या सगळ्या छापील माहितीत जुनी जागा होती. माझी बोट निघून गेली होती. मोटरसायकलवाल्याने 'पाक्याव' म्हटल्याबरोबर मी हात जोडले आणि चालत निघाले. अकरा वाजता, ओल्या बुटांत, आधी चढ मग उतार. अंतर फार नाही, पण टाचेला फोड आला आणि मी मॅगेलनपासून नकाशेवाल्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. हा तुकडा पायी करू नका. मोटरसायकल घ्या, भाडं आधी ठरवा, हवं तर दोन जणांत वाटून घ्या.

त्रियानाला उतरल्यावर पहिली जाणवलेली गोष्ट म्हणजे वारा नव्हता. पाणी थाळीसारखं स्थिर. मार्च अखेरीस तीन जहाजांचा नांगर टाकायचा तर शहाणा माणूस कुठे टाकेल, हे सकाळच्या आंघोळीनंतर मला आयोगाच्या अहवालाशिवायही सांगता आलं असतं. म्हणून सांगते, पूर्व किनाऱ्याला मुद्दाम जायचं तर डोंगर चढण्यासाठी जा, मिस्सा शोधायला जाऊ नका. वेळ एकाच जागेपुरता असेल तर त्रियाना. स्मारकं दोन्हीकडे यथातथाच. डिसेंबर २०२१ च्या ओडेट वादळाने या भागाची दैना केली होती, तेव्हा फार सोयींची अपेक्षाही ठेवू नका. वादळाचा इशारा असला की बोटी बंद, कितीही पैसे दिले तरी. त्यात घासाघीस नाही.

त्रियानात भात आणि डुकराचं मांस मिळालं. पिगाफेत्ताही या बेटावर गुड फ्रायडेला राजाच्या घरी मांस जेवला, इलाज नव्हता म्हणून, असं बिचारा कबूल करतो. तिथेच तो वस्तूंची नावं विचारून लिहीत होता, आणि लिहिलेलं वाचून दाखवल्यावर राजा थक्क झाला.

परतीला शेवटच्या बोटीची वाट न बघता दुपारची प्रवासी बोट पकडली. शेजारी दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. पिगाफेत्ताने नंतर सेबूच्या भागात दिलेली शब्दांची यादी फोनवर होती, ती त्याला वाचून दाखवली. 'मात्ता' म्हटल्यावर त्याने डोळ्यांवर बोट ठेवलं. 'दिल्ला' म्हटल्यावर जीभ काढली. 'इलोन'ला नाक धरलं, पण मान हलवली, "इलोङ". मग 'निपिन'. तो आधी समजलाच नाही, मग दात दाखवून म्हणाला, "ङिपोन." मी म्हटलं निपोन. "नो, नो. ङिपोन." मी नाकातून प्रयत्न केला. तो पोट धरून हसला. क ख ग घ ङ मधला तो शेवटचा, पहिलीत गिरवला आणि मग कधी शब्दाच्या सुरुवातीला पाहिलाच नाही असा ङ. इटालियन पिगाफेत्ताकडे त्याला अक्षरच नव्हतं, म्हणून दोन्हीकडे त्याने 'न' लिहून वेळ मारून नेली. मी खिशातून पेन काढलं आणि भिजलेल्या झेरॉक्सच्या कोरड्या कोपऱ्यावर त्याचा शब्द नीट लिहिला. एवढ्यात भाडं घेणारा आला. मी शंभराची नोट दिली आणि सुटे परत येईपर्यंत हात पुढेच ठेवला.