फेरारी कोणाची? शेअर नको, मतं मोजा

फेरारी कुणीतरी विकत घेणार, अशी आवई अधूनमधून उठते. लगेच बाजारमूल्याचा आकडा पुढे केला जातो आणि एवढे पैसे कोणाकडे आहेत यावर वाद रंगतो. पैसे पुष्कळांकडे आहेत. कुलूप पैशाचं नाहीच, मतांचं आहे आणि ते कागदावर कसं बसवलंय हे समजलं की अशा बातम्यांतला दम दोन मिनिटांत जोखता येतो.

आधी एक जुना गैरसमज. फेरारी फियाटची राहिलेली नाही आणि फियाट क्रायस्लर आणि प्यूजो यांच्या विलीनीकरणातून पुढे झालेल्या स्टेलांटिसची तर ती कधीच नव्हती. १९६३ मध्ये फोर्डशी बोलणी जवळपास पूर्ण होऊन फिसकटली, कारण रेसिंगच्या खर्चावर शेवटचा शब्द कोणाचा, या मुद्द्यावर संस्थापक एन्झो फेरारी हटले नाहीत. १९६९ मध्ये फियाटने ५० टक्के हिस्सा घेतला, रेसिंग मात्र एन्झोंच्याच हाती राहिलं. १९८८ मध्ये एन्झो गेले, फियाटचा हिस्सा ९० टक्क्यांवर गेला आणि उरलेले १० टक्के त्यांचे चिरंजीव पिएरो यांच्याकडे आले.

मधल्या काळात फियाटची तब्येत बिघडली होती. २००२ मध्ये तिने ३४ टक्के हिस्सा मेदिओबांका या मिलानच्या बँकेला ७७.५ कोटी युरोंना विकला. २००५ मध्ये त्यातले ५ टक्के अबू धाबीच्या मुबादला फंडाने ११.४ कोटींना उचलले आणि २०१० मध्ये ते १२.२ कोटींना फियाटला परत दिले. फेब्रुवारी २०२५ च्या भावाने त्याच ५ टक्क्यांची किंमत सुमारे ४ अब्ज युरो भरते. बाहेरच्या पैशाला फेरारीत खरीखुरी फट मिळाली ती २००२ ते २०१० या वर्षांत, आणि तीही अल्पमतातल्या हिश्श्यापुरती.

२१ ऑक्टोबर २०१५ ला शेअर न्यूयॉर्कमध्ये ५२ डॉलरला आला. जानेवारी २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने (क्रायस्लरशी एक झाल्यावरची फियाट) आपल्याकडचे ८० टक्के स्वतःच्याच भागधारकांना वाटून टाकले, त्यांच्या दर १० शेअरमागे फेरारीचा १. फियाट क्रायस्लरमध्ये सर्वांत मोठी भागधारक होती फियाटच्या संस्थापक आन्येली घराण्याची गुंतवणूक कंपनी एक्सॉर, त्यामुळे फेरारीतही तीच सर्वांत मोठी झाली. जॉन एल्कान एक्सॉरचे मुख्य कार्यकारी आहेत आणि फेरारीचे अध्यक्षही.

आता मुद्द्याचं. कारखाना इटलीतल्या मारानेल्लोत, पण कंपनी नोंदलेली नेदरलँड्समध्ये. तिथला कायदा ‘विशेष मतदान शेअर’ काढू देतो. भागधारकाने आपले साधे शेअर कंपनीच्या लॉयल्टी रजिस्टरमध्ये नोंदवायचे. सलग तीन वर्षं ते तिथे राहिले की प्रत्येक शेअरमागे एक विशेष शेअर मिळतो, म्हणजे एका शेअरला दोन मतं. विशेष शेअरचं दर्शनी मूल्य ०.०१ युरो, बाजारात तो विकता येत नाही आणि लाभांशाच्या दृष्टीने त्याला किंमत नाही. मूळ शेअर विकायचा तर आधी रजिस्टरमधून बाहेर काढावा लागतो आणि त्याच क्षणी विशेष शेअर मोबदल्याशिवाय परत जातो. घराण्यातल्या घराण्यात किंवा वारसाहक्काने शेअर गेले तर सवलत आहे. परक्या खरेदीदाराच्या हाती मात्र एका मताचा साधा शेअरच पडतो. एक्सॉर आणि पिएरो यांना ही दुप्पट मतं २०१६ च्या वाटणीतच मिळाली, त्यांना तीन वर्षं थांबावं लागलं नाही.

टाटा मोटर्सचे डीव्हीआर शेअर ज्यांनी बाळगले त्यांना ही कल्पना पटकन कळेल. तिथे दहा शेअरना एक मत होतं आणि २०२४ मध्ये तो प्रकार बंद झाला. तिथे बाहेरच्याचं मत कमी केलं होतं, इथे मालकाचं वाढवलंय.

आता सोप्या आकड्यांत हिशेब. समजा, कंपनीचे एकूण १०० शेअर आहेत. एक्सॉरकडे २०, पिएरो यांच्याकडे १०, बाकी ७० लोकांकडे. लोकांपैकीही काहींनी रजिस्टरमध्ये नोंद केलेली असते, ते आपण सोडून देऊ. मतं होतात एक्सॉर ४०, पिएरो २०, लोक ७०, एकूण १३०. म्हणजे २० टक्के शेअरवर एक्सॉरकडे जवळपास ३१ टक्के मतं, आणि दोघे मिळून ४६ टक्के.

४६ म्हणजे बहुमत नाही, हे खरं. पण सर्वसाधारण सभेला सगळे लोक मत देत नाहीत. लोकांच्या ७० पैकी निम्म्या शेअरनी मत दिलं तर घराण्यांची ६० विरुद्ध ३५, म्हणजे ६३ टक्के. त्यांना हरवायला ७० पैकी ६१ शेअरनी हजर राहून एकाच बाजूने मत द्यावं लागेल. त्या सत्तरांत इंडेक्स फंड आहेत, पेन्शन फंड आहेत, लाल गाडीच्या प्रेमापोटी चार शेअर घेऊन ठेवलेले लोक आहेत. एवढी एकजूट कुठल्याही मोठ्या कंपनीच्या सभेत सहसा होत नाही.

बाहेरच्याने बाजारातून गुपचूप गोळा करायचं म्हटलं तर ३ टक्के ओलांडले की नेदरलँड्सच्या नियामकाकडे नोंद करावी लागते आणि ती नोंद जगजाहीर असते. पुढे ३० टक्के मतांवर सक्तीची खुली ऑफर लागते. आपल्याकडे सेबीच्या नियमात २५ टक्क्यांवर किमान २६ टक्क्यांसाठी ऑफर द्यावी लागते, तिथे उरलेल्या सगळ्या शेअरसाठी, आणि भाव मागच्या वर्षभरात स्वतः मोजलेल्या सर्वोच्च किमतीचा. आपल्या उदाहरणात १३० मतांचे ३० टक्के म्हणजे ३९ शेअर. तेवढे जमले तरी घराण्यांच्या ६० मतांसमोर ३९ च. बहुमतासाठी ६६ मतं हवीत, म्हणजे लोकांकडच्या ७० शेअरपैकी ६६. तेही जमलं असं धरा. तरी उरलेल्यांना सक्तीने बाहेर काढून कंपनी पूर्ण ताब्यात घ्यायला ९५ टक्के भांडवल लागतं, आणि ३० तर विकायचेच नाहीत म्हणून बसलेत.

दोन घराण्यांमध्ये करारही आहे. सभेआधी दोघे सल्लामसलत करून शक्यतो एकमत ठरवतात. पिएरो यांचे शेअर बाहेर जाणार असतील तर ते आधी घेण्याचा हक्क एक्सॉरला, आणि एक्सॉर विकणार असेल तर पहिली बोली लावण्याचा हक्क पिएरो यांना. त्यामुळे एका घराण्याला फोडून आत शिरायची वाटही अरुंद आहे. माझ्या मते हा करार दुप्पट मतांइतकाच महत्त्वाचा आहे, आणि बातम्यांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

मग अशी कंपनी कधीच विकली जात नाही का? जाते, मालकाच्या मनात आलं की. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने इव्हेको या इटालियन ट्रक कंपनीसाठी प्रति शेअर १४.१० युरो, एकूण सुमारे ३.८ अब्ज युरोंची ऑफर जाहीर केली. इव्हेकोचा साचाही हाच होता. नोंदणी नेदरलँड्सची, सर्वांत मोठी भागधारक एक्सॉर, शेअर सुमारे २७ टक्के आणि मतं ४३ टक्के. फरक एकच, एक्सॉरने आपले शेअर ऑफरमध्ये देण्याचं आधीच लिहून दिलं. कुलूप तेच, फक्त किल्ली मालकाने स्वतः फिरवली.

म्हणून फेरारीत पाहायचं ते एक्सॉरच्या हालचालीकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने सुमारे ४ टक्के शेअर ४५० युरोंच्या भावाने, एकंदर ३ अब्ज युरोंना विकले. त्यातला सुमारे दहावा भाग खुद्द फेरारीनेच घेतला. वरच्या उदाहरणात बसवा: आधी एक्सॉरचे २४ शेअर, मतं १३४ पैकी ४८, म्हणजे ३६ टक्के. विक्रीनंतर १३० पैकी ४०, म्हणजे ३१. शेअर चार गेले, मतं आठ गेली. घराण्याने विकलेला प्रत्येक शेअर असा दुप्पट वजनाने जातो. उलट कंपनी स्वतःचे शेअर परत विकत घेते तेव्हा त्या शेअरना मत उरत नाही आणि न विकणाऱ्या घराण्यांचा टक्का आपोआप चढतो. २०२२ मध्ये फेरारीने २०२६ पर्यंत सुमारे २ अब्ज युरोंची अशी खरेदी जाहीर केली होती.

पुढची आवई उठली की वार्षिक अहवालातलं मोठ्या भागधारकांचं पान उघडा. तिथे शेअरचा टक्का आणि मतांचा टक्का असे दोन वेगळे आकडे असतात. एक्सॉरच्या नावापुढचा दुसरा आकडा मागच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून बघा. तो जागेवर असेल आणि पिएरो यांच्याशी केलेला करारही कायम असेल, तर खरेदीदार म्हणून कोणाचंही नाव घेतलं जात असलं तरी त्याच्याकडे अजून किल्ली नाही.