वीस किलोमीटरला तीन तास

सायकल क्लब म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात लगेच चिखलदऱ्याचा घाट नाहीतर बीआरएम येतं. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, आधी २०० किलोमीटर साडेतेरा तासात, मग ३००, ४००, ६००, आणि हे चारही एका सीझनमध्ये केले की माणूस सुपर रँडोनियर. आमच्या ग्रुपातही असे दोनचार आहेत, आदर आहे त्यांच्याबद्दल, पण मला विचाराल तर क्लबची खरी मजा थंडीतल्या छोट्या राइडला. वर्ध्यातून सेवाग्राम आणि वापस, गावातला फेरफटका धरून वीसेक किलोमीटर, आणि लागतात आरामात तीन तास. या चालीनं बीआरएमला उतरलो तर सकाळी सहाला निघून दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला पोचू.

राइड शनिवारी, कारण अर्धा ग्रुप सरकारी नोकरीतला आणि २०२० पासून त्यांचा पाच दिवसांचा आठवडा झालाय. मास्तर लोक तेवढे चिडतात, त्यांची शनिवारी सकाळची शाळा. बजाज चौकात जमायचं सहाला, जमतात साडेसहाला, हेल्मेटखाली कानटोपी आणि खाली मफलर, त्यामुळे कोण कोण आलंय ते आवाजावरून ओळखायचं. पुढे लीड म्हणजे वाट दाखवणारा, मागे स्वीप म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा, स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही आणि वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा. सगळ्यात हळू म्हणजे आमचे एक रिटायर्ड काका, ते मुद्दाम हळू चालवतात असा मला संशय आहे कारण त्यांना प्रत्येकाशी बोलायचं असतं.

गाव त्या वेळेला वेगळंच असतं राव. पोत्यावर मेथी, सांभाराच्या जुड्या, मटाराच्या शेंगा, भाजीवाल्या बाया शालीत गुरफटून बसलेल्या. लक्ष्मीनारायण मंदिरासमोरून जातो, १९२८ साली जमनालाल बजाजांनी हे मंदिर दलितांसाठी खुलं केलं, शाळेत पाठ केलं होतं पण गाडीवरून जाताना कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

गावाबाहेर पडलं की थंडी खरी लागते, बोटं ब्रेकवर आहेत की नाही कळत नाही. सेवाग्राम रोडवरची जुनी झाडं, २०२० मध्ये रुंदीकरणासाठी ती तोडायला घेतली तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला होता, त्यांच्याखालून जाताना हवा अजूनच गार. रेसवाले दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवतात कारण हवेचा मार कमी लागतो आणि ताकद वाचते, आम्ही तेच थंडी चुकवायला करतो, त्यामुळे ग्रुपातल्या सगळ्यात आडव्या माणसामागच्या जागेवरून भांडणं होतात. शेतात धुवारी उतरलेली, त्यात तुरी अर्ध्या दिसतात अर्ध्या नाही, आणि बाभळीच्या काट्यांना कापूस अडकलेला, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला. टपरीवर गेल्या सालच्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटलेली असते तिथं थांबणं आलंच. तिथं एका आजोबांनी आम्हाला वरून खालून बघितलं आणि विचारलं, "पेट्रोल लयच महाग झालं काय जी?" कोणीतरी सांगितलं की तब्येतीसाठी चालवतो. ते म्हणाले, "मंग वावरात या ना, कापूस वेचाले माणसं नाही भेटून राहिले."

पंक्चर होतंच. आपल्याकडचे सराटे म्हणजे कसा पडला तरी एक काटा वर, आणि रोडबाइकचा टायर बोटाएवढा. इंजिनीअर पोराची सायकल बसली. आता टपरीवाल्याकडे पंप होता पण याचा फ्रेंच व्हॉल्व्ह, त्याला तो लागेना, अडॅप्टर घरी. मग स्वीपवाल्याकडचा छोटा पंप. पाण्याची बादली नव्हती तर त्याच आजोबांनी ट्यूब हातात घेतली आणि हवा भरायला लावून हळूहळू गालाजवळून फिरवली, एका जागी थांबले, तिथं थुंकी लावली, बुडबुडा आला. मग टायरच्या आतून बोट फिरवत गेले, सावकाश, आणि सराट्याचं टोक काढून पोराच्या तळहातावर ठेवलं. ते राहिलं असतं तर नवी ट्यूबही दहा मिनिटात गेली असती. पॉलिश पेपरनं घासणं, सोल्युशन लावून वाळू देणं, पॅच दाबून धरणं, यात अर्धा तास गेला आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. बीआरएममधलं ३०० केलेला एक जण आहे, त्या ३०० वाल्याला वाटलं, तो सारखा घड्याळ बघत होता.

तेवढ्यात शाळेच्या पोट्ट्या आल्या. मानव विकास या सरकारी योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळतात त्या सायकली, पुढे जाळी, जाळीत दप्तर, तोंडाला स्कार्फ, तिघी तिघी एका ओळीत, हँडलवर एक हात आणि दुसऱ्या हातानं गोष्ट सांगणं चालू. आमचे लीड, स्वीप, हातवारे, व्हॉट्सॲपवरचे नियम हे सगळं यांच्यात कोणी न शिकवता चालतं, एकीची चेन उतरली तर सगळ्या थांबतात. घंटी वाजवत आमच्या बाजूनं निघून गेल्या. इंजिनीअरची सायकल लाखाच्या वर आहे, तो काही बोलला नाही.

आश्रमात आम्ही फार वेळ नसतो, पण बापू कुटीसमोर गेलं की सायकलच्या किमती कोणी काढत नाही. कुटी बांधताना गांधीजींची अट होती म्हणतात, खर्च १०० रुपयांच्या वर नको आणि सामान इथलंच, माती, बांबू, कवेलू. शिवाय १९३६ च्या एप्रिलमध्ये ते वर्ध्याहून इथं पायी आले होते, तेव्हा शेगावच नाव होतं या गावाचं. त्यामुळे सायकलनं आलो याची शेखी मिरवायला या गावात जागा नाही.

वापस येऊन तर्री पोहे. तर्रीवर कच्चा कांदा, लिंबू, आणि हातांना ऊब लागावी म्हणून प्लेट खालून धरायची. जेवढ्या कॅलरी जाळल्या त्याच्या दुप्पट इथं भरून निघतात, डॉक्टर मेंबर आहेत ग्रुपात, तेच आधी एक्स्ट्रा तर्री मागतात. ३०० वाल्यानं प्रस्ताव मांडला की पुढच्या शनिवारी पवनारपर्यंत वाढवू, धाम नदीवर जाऊ, तेवढंच जरा अंतर वाढेल. काकांनी चमचा खाली ठेवून विचारलं, "तिथं पोहे भेटते काय?" त्यावर ग्रुपवर पोल टाकलाय, अजून निकाल लागायचा आहे.